रविवारचं औषध

पोर्चच्या दाराशी अश्लेषाला स्वतःच्या बोटाचा वास आला.

आधी वाटलं, बोटाचाच. तिनं उजव्या हाताची तर्जनी नाकाशी नेली, तर बोटाला नुसता कोथिंबिरीचा वास. म्हणजे हा बाहेरून येत होता. नेलपॉलिशसारखा, मागे किंचित आंबट, टाळूपर्यंत चढणारा आणि चढताक्षणी उडून जाणारा. या घरात हा वास एकाच ठिकाणी असायला हवा होता: वरच्या खोलीतल्या कपाटात, स्वेटरांच्या मागे, घट्ट झाकण लावलेल्या एका तपकिरी बाटलीत. तो इथे खाली, रविवारी सकाळी, सासूबाईंच्या पाटाशी काय करत होता? पाट अजून उचललेला नव्हता. समोर पितळेची डबी, डबीवर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी आडवी ठेवलेली, विड्याच्या पानांचे खुडलेले देठ, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. माणसं गेली होती. फरशीवर शेवटच्या बाईच्या प्लास्टिकच्या चपलेचा धुळीचा ठसा होता, एकाच पायाचा, कारण दुसऱ्या पायाची चप्पल तिनं हातात धरली होती. अश्लेषा खाली वाकली. डबीचं झाकण उघडलं. आतलं औषध नेहमीसारखंच काळपट होतं. वास मात्र तिच्या बाटलीचा होता.

ती उभी राहिली, आणि उभं राहता राहता तिचा अंगठा सवयीनं तर्जनीच्या कडेला गेला. तिथे आता काही नव्हतं. नव्हतं हेच तिथे होतं. खडू धरताना जिथे टेकतो, नेमकी ती जागा; आधी एक खरखरीत दाणा, मग त्याला लागून दुसरा, मधे काळे ठिपके, आणि आता गुळगुळीत, जरा जास्तच गुळगुळीत कातडी, जशी काही दुसऱ्या कोणाची आणून चिकटवलेली. महिनाभर झाला तरी अंगठा तिथे जातो, दाणा शोधतो, सापडला नाही की दचकतो. ती आठवीला विज्ञान शिकवते. त्वचेचा धडा तिनं दर वर्षी शिकवला आहे, फळ्यावर तीन थर काढून, आणि या वर्षी तो काढताना साठ डोळे त्वचेच्या थरांकडे नाही तर तिच्या बोटाकडे बघताहेत असं वाटून तिनं चित्र अर्धंच सोडलं होतं. कोणी बघत नसेलही. (बघत होते.) डिसेंबरात सहल सेमाडोहला गेली, तिथे ओढा ओलांडताना तिनं मुलींना सांगितलं, एकमेकींचे हात धरा, आणि स्वतःचा हात शेवटच्या मुलीपुढे केला. जुईली त्या मुलीचं नाव. हुशार, शांत. तिनं हात पाहिला आणि बोटं न धरता मनगट धरलं, बांगडीच्या वर, अगदी आदरानं. पाणी घोट्याइतकं होतं आणि थंडगार होतं, आणि ओढा संपेपर्यंत अश्लेषाला फक्त ते मनगट जाणवत राहिलं.

आत नळ सुरू होता. सासूबाई, शैलाबाई, हात धूत होत्या. औषध दिल्यावर त्या हात फार वेळ धुतात.

आणि हे घर तर चामखिळीच्या औषधाचं घर. अकोल्यात कोणालाही विचारा. आधी मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात होतं, आता जठारपेठेत. पत्ता बदलला तरी माणसं बरोबर येतात. दर रविवारी सकाळी गेटाशी चपला दिसू लागतात. शैलाबाई न बोलता पाटावर बसतात, न बोलता काडी डबीत बुडवतात, ज्याची जिथे चामखीळ असेल तिथे टेकवतात, वर पान ठेवून दोरा बांधतात. पैसे घ्यायचे नाहीत. चहापाणी विचारायचं नाही. नाव, गाव विचारायचं नाही. घेणाऱ्यानं उपकार झाले म्हणायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही, आणि बांधलेलं पान सोडायचं नाही, पुढच्या रविवारपर्यंत किंवा आपोआप गळेपर्यंत. आणि सगळ्यात मोठं: औषधात काय आहे ते घेणाऱ्यानं विचारायचं नाही, देणाऱ्यानं सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. हे सासूकडून सुनेकडे आलं आहे, ग्रहणाच्या दिवशी, बंद खोलीत, कानात. ईशान, तिचा नवरा, वकील माणूस, यावर कोर्टातल्या मित्रांना सांगून हसतो, ‘आमच्याकडे फी नाही, नाव नाही, पावती नाही. ग्राहक मंचात जाणार कोण आणि कोणाविरुद्ध?’ अश्लेषाही हसते. लग्नानंतरच्या पहिल्या ग्रहणाला ती मुद्दाम माहेरी, अमरावतीला गेली होती. दुसऱ्यालाही.

तर अशा घरात सुनेच्याच बोटाला चामखीळ. शैलाबाईंनीच ती आधी पाहिली, पोळी वाढताना. लगेच डबी आणली. रविवारची वाटसुद्धा पाहिली नाही, घरच्या माणसाला चालतं म्हणाल्या. लावलं, पान बांधलं. पान सुकलं, गळलं, चामखीळ तशीच. पुन्हा लावलं. पुन्हा. दर वेळी त्या डबी नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि मग डोळे उघडून काही झालंच नाही असं दाखवत. कोरोनात त्यांचा वास गेला तो परत आलाच नव्हता. औषध शिजवताना ते कधी उतरवायचं हे त्या वासावरून ठरवत असत, हे अश्लेषाला तेव्हा माहीत नव्हतं. (की होतं? फोडणी जळली तरी त्यांना कळत नाही, दूध उतू गेलं तरी आवाजावरून कळतं, हे रोज दिसत होतं. त्यावरून डबीपर्यंत यायला किती लागतं?) पहिली चामखीळ दोन झाली. शैलाबाईंनी एके दिवशी तिचा हात हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि सोडून दिला. त्या सोडण्यात काहीतरी होतं. जुईलीनं मनगट धरण्यात जे होतं त्याच्या उलटं काहीतरी.

मग अमरावती. राजापेठेतली डॉक्टरीण, चष्मा कपाळावर, बोलणं भरभर. आईला भेटून येते म्हणून ती गेली होती आणि आईलाही काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, काही नाही हो, व्हायरस असतो, शाळेत मुलांकडून येतो, जाईल. बाटली देते. कोमट पाण्यात बोट बुडवून ठेवायचं, वरची मेलेली कातडी हलक्या हातानं घासून काढायची, घासायची पट्टी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावायचं, म्हणजे ती भाजणार नाही. मग फक्त चामखिळीवर एक थेंब, वाळू द्यायचं, झाकण लगेच बंद, गॅसपासून लांब, पेट घेतं हे. तोंडावर नाही, तिळावर नाही, जखमेवर नाही. तुम्हाला दिवस नाहीत ना? बरं. आणि दुखलं, चरचरलं, लाल झालं की थांबायचं. तेवढी एक खूण लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. दुखणं तुमच्या बाजूनं आहे. आणि घरात कोणाला शुगर असेल तर त्यांच्या हाती ही बाटली लागू देऊ नका. पायाला तर मुळीच नाही. त्यांच्या पायाला दुखलेलं कळत नाही, मग ते थांबणार कसे? अश्लेषानं मान हलवली होती. आमच्याकडे कोणाला शुगर नाही, असं म्हणालीही होती. खरंच नव्हती. घरात.

परतताना बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट पाहत तिनं बाटलीचं खोकं फाडलं. आतला माहितीचा कागद, बारीक अक्षराचा, न वाचता चुरगळला. सगळं तर डॉक्टरनं सांगितलंच आहे. मग बाटलीवरचं लेबल नखानं खरवडलं, थुंकी लावून, पूर्ण, कोपरासुद्धा राहू दिला नाही. कोणी पाहिलीच तर वाटावं, असेल काही. फलाटावरच्या डब्यात ते कागद टाकताना तिला केवढं हलकं वाटलं होतं!

नळ बंद झाला.

‘आई,’ ती म्हणाली, ‘आज डबीत काय होतं?’

शैलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. बुटक्या, ताठ, केसांचा घट्ट अंबाडा. ‘असं विचारत नसतात. माहीत आहे ना तुला?’

‘माहीत आहे. काय होतं?’

‘काहून?’ त्यांनी डबीकडे पाहिलं, मग तिच्या नाकाकडे. ‘वास येऊन राहिला का?’

‘येतोय.’

‘खूप?’

‘दारापर्यंत.’

शैलाबाई खाली बसल्या, पाटावर नाही, पाटाशेजारी फरशीवर. ‘मला वाटलं, येत नसेल,’ त्या म्हणाल्या. ‘काजळी मिसळली होती. रंग बरोबर जमला होता.’

अश्लेषाला एकदम सगळं दिसलं आणि त्याच वेळी काहीच दिसलं नाही. डोळ्यांपुढे स्वेटर, डांबरगोळ्या, थंडी संपल्यावर स्वेटर नीट घडी घालून ठेवणारे शैलाबाईंचे हात, तपकिरी बाटली. ‘कधीपासून?’

‘तुझं बोट बरं झालं तेव्हापासून.’

‘तुम्हीच तर म्हणालात की तुमच्या औषधानं गेली. देवापुढे साखर ठेवलीत.’

‘तू मान हलवलीस ना. म्हटलं, हिला असंच हवं आहे.’ शैलाबाई हसल्या नाहीत. ‘मी जन्मभर बोटंच पाहून राहिली, अश्लेषा. माझ्या औषधाची चामखीळ काळी पडते अन् गळते. तुझी पांढरी होऊन सोलत गेली.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू बोललीस?’

रस्त्यावरून भाजीवाल्याची हातगाडी गेली. कर्ण्यातून मेथीचा भाव सांगणारा बाईचा आवाज लांब लांब जात राहिला. अश्लेषा मनात माणसं मोजू लागली, जी कोणी आज आली असतील ती, आणि तिला एकही चेहरा नीट आठवेना. नाव नाही म्हटल्यावर चेहराही पक्का बसत नाही. एक मुलगा, हाताला, बरं, हात. एक पोलीस, कोपराला. तो ओरडेल, त्याला कळेल, तो थांबेल. आणि ती बाई. तिचा चेहरा नाही, आवाज आठवला. सकाळी अश्लेषा टाकीचं पाणी पाहायला बाहेर आली तेव्हा ती पोर्चच्या पायरीवर बसली होती, पाय लांब करून, शेजारच्या मुलाच्या आईशी बोलत. दांडगी बाई, हिरवं लुगडं, दात पानानं लाल. ‘मले तर चप्पल कवा निंगून पडते तेई समजत नाई. एकाच पायात घालून अर्धं बजार फिरली मी. मांगून पोट्टे हासतेत, मले वाटे, लय गमतीची गोष्ट सांगून राहिले असतीन!’ मुलाची आई खूप हसली होती. अश्लेषाही हसली होती, पाण्याची मोटार लावताना. आता ते वाक्य परत आलं तर त्यात कोणी हसत नव्हतं. चप्पल कवा निंगून पडते. समजत नाई. ते पुन्हा फिरून आलं. समजत नाई. मग त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज, भरभर, कपाळावर चष्मा: मग ते थांबणार कसे?

‘ती हिरव्या लुगड्याची बाई,’ ती म्हणाली. ‘तिला कुठे लावलं?’

‘तळव्याला. कुरूप म्हण नाहीतर चामखीळ. टाचेच्या पुढे.’

‘कोण आहे ती?’

‘नाव विचारत नाही आपण.’

‘कुठली आहे?’

‘गाव विचारत नाही.’

‘आई! कितव्यांदा आली?’

शैलाबाईंनी काडी उचलली, उगाच, आणि ठेवली. ‘दुसऱ्यांदा. गेल्या रविवारी लावलं होतं. पान तसंच होतं, सोडलं नव्हतं, चांगली बाई आहे. मी सोडून पाहिलं तर पांढरं. म्हटलं, गुण येऊन राहिला, तुझ्यासारखाच. वरून पुन्हा लावलं. जरा जास्त लावलं. दोन पानं बांधली.’ बोलता बोलता त्यांनी अश्लेषाचा चेहरा पाहिला. ‘काहून? काय आहे त्यात?’

काय आहे त्यात. हा प्रश्न या पाटाशी किती वर्षांनी कोणी विचारला असेल, आणि विचारला तो देणाऱ्या हातानं. आम्ल आहे, असं अश्लेषा म्हणाली. कातडी खाणारं. ज्यांना शुगर असते त्यांच्या पायाला ते लावायचं नसतं, कधीच, पाय जाऊ शकतो. एवढंच म्हणाली. उरलेलं सांगितलं नाही. उरलेलं म्हणजे बडनेऱ्याचा फलाट.

शैलाबाई उठल्या. पायांत चपला घातल्या. ‘बंडूला माहीत असेल,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच्याच ऑटोत येतात सगळे.’

स्कूटरवर त्या आजपर्यंत कधी बसल्या नव्हत्या. आज बसल्या, एका बाजूला पाय करून, आणि अश्लेषाच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं. त्या हातांची पकड अश्लेषाला पोटात जाणवत होती. या हातांना गुण आहे म्हणतात. तिच्या मनात आलं, या हातांनी आत्ता एवढ्यात काही धरलेलं असेल तर? ते नीट धुतले असतील का? (बराच वेळ धुतले होते.) तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी पोट आत ओढलं गेलं ते गेलंच. हेच ते, हेच जुईलीनं केलं होतं. कोपऱ्यावर बंडू ऑटोत पाय वर करून मोबाइल पाहत होता. ‘हिरव्या लुगड्यावाली मावशी? स्टँडवर सोडली ना. अमरावतीच्या गाडीनं जाईन म्हने.’ मग शैलाबाईंना स्कूटरवर पाहून तो पाय खाली घेऊन ताठ बसला. ‘काय झालं काकू? तुमी अन् स्कूटरवर?’

उन्हाळा लागला नव्हता, पण अकोल्याचं ऊन वाट पाहत नाही. डांबर चमकत होतं. सिग्नलला अश्लेषानं एक पाय खाली टेकवला आणि सपातेच्या पातळ तळातून रस्ता भाजला. आणि ती भाजण्याकडे लक्ष देत राहिली, जणू पहिल्यांदाच काहीतरी समजत होतं. दुखणं तुमच्या बाजूनं आहे. मागे शैलाबाई काहीतरी बोलत होत्या, वाऱ्यात अर्धं उडत होतं. ‘...उतरवायचं कधी तेच कळेना. कच्चं राहिलं की काही होत नाही, जास्त शिजलं की... माझी सासू म्हणे, ओल्या मातीचा वास सुटला की... आता मला मातीही...’ आणि मग अगदी कानाशी, ‘लोक परत येऊ लागले गं. तशीच्या तशी चामखीळ घेऊन. कोणी बोलत नव्हतं. बोलायचंच नसतं ना. नुसता हात पुढे करत.’ हिरवा दिवा लागला. तिला वाटलं, वळावं, घरी जावं. ती बाई बरी असेल, चप्पल ढिली असेल, चपला ढिल्या असतातच. एका थेंबानं काय होतं. दोन पानं. एक आठवडा बंद. आणि आता आणखी एक, पुढच्या रविवारपर्यंत, सोडायचं नाही, पाहायचं नाही, चांगली बाई आहे.

स्टँडवर अमरावतीची गाडी सुरूच होती, इंजिन धडधडत, दाराशी शेवटची माणसं चढत. अश्लेषानं स्कूटर रसवंतीच्या बाजूला कशीबशी लावली. किल्ली काढली की नाही ते तिला नंतर आठवलं नाही. शैलाबाई तिच्या आधी चढल्या होत्या.

हिरवं लुगडं तिसऱ्या बाकावर खिडकीशी होतं. बाईनं पाहिलं आणि घाबरून पदर पुढे ओढला. ‘अवं बाई! मांगं पाहू नको म्हने ना तुमी, मी नाई पाह्यलं, देवाशपथ. आन तुमीच मांगं आल्या?’

‘तुमचं नाव काय?’ शैलाबाईंनी विचारलं.

गाडीतल्या दोन-तीन बायकांनी मान वळवली. त्यातली एक ओळखीची असावी, कारण तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. अकोल्यातल्या बायकांना माहीत असतं, काय विचारत नसतात ते.

‘गोदाबाई,’ बाई शेवटी म्हणाली. ‘काहून इचारता? गुण जाईन ना.’

‘जाऊ द्या. शुगर आहे का तुम्हाला?’

‘हाय ना. गोयी चालू हाय. पोरगी रोज फोनवर इचारते, घेतली का नाई.’

शैलाबाई दोन बाकांच्या मधे खाली बसल्या. धुळीत, शेंगांच्या टरफलांत. गोदाबाईंचा पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि दोरा सोडू लागल्या. गाठ ओली झाली होती, सुटेना. कंडक्टर म्हणाला, ‘काय चालू हाय मावशी? गाडी सोडाची हाय.’ कोणीतरी म्हणालं, ‘चामखिळीवाल्या बाई हायत, थांब ना बे.’ अश्लेषानं दातांनी दोरा तोडला. तोंडात तो वास, ती चव. पानं सुटली, पानांबरोबर कातडीचा एक पांढरा, भिजल्या कागदासारखा पापुद्रा सुटला. शैलाबाईंचा हात हवेतच थांबला.

‘हे माझं औषध नाही,’ त्या म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता, पण गाडीत सगळ्यांना ऐकू गेला असावा, कारण मागची कुजबुज बंद झाली. ‘दुकानातलं आहे. माझ्या औषधाला गुण येत नव्हता म्हणून मी हे लावलं. वरून काजळी मिसळली, कोणाला कळू नये म्हणून.’

‘दुकानात भेटते?’ मागच्या बाकावरून एक माणूस पुढे झुकला. ‘कोन्तं? नाव काय त्याचं?’

‘नाव माहीत नाही,’ शैलाबाई म्हणाल्या. ‘बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं.’

त्या अश्लेषाकडे पाहून म्हणाल्या नाहीत. पाहून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. अश्लेषानं बाकावरची कोणाची तरी पाण्याची बाटली उघडली आणि पायावर ओतायला लागली. काळं पाणी, मग करडं, मग नुसतं पाणी. टाचेच्या पुढे एक खड्डा होता. बोराएवढा. कडा पांढऱ्या, फुगलेल्या; आत लाल, ओलं, त्याच्याही आत काहीतरी फिकट, ज्याच्याकडे तिला बघवेना आणि ज्यावरून तिची नजरही हलेना. पाणी त्यात साचलं, थोडं हललं. त्वचेचे तीन थर. ती दर वर्षी काढते, रंगीत खडूनं.

‘हे पाहा, आम्ही अमरावतीपर्यंत येतो तुमच्यासोबत,’ ती म्हणाली. ‘दवाखान्यात जायचंय. तिथे माझ्या ओळखीची डॉक्टरीण आहे.’

‘आत्ता? आज तर घरी तांदूय निवडाचे हायत माह्ये.’ गोदाबाई हसल्या. पण दोघींपैकी कोणीच हसत नाही हे पाहून त्यांनीही वाकून पाहिलं. स्वतःचा तळवा माणसाला नीट दिसत नाही. ‘लय हाय काय?’

अश्लेषानं तर्जनी पुढे केली. तीच तर्जनी. खड्ड्याच्या कडेला टेकवली, आणि हळूच दाबली, मग जरा जोरानं. आत काहीतरी मऊ, गरम होतं. तिच्या स्वतःच्या अंगातून कळ गेली, पाठीच्या कण्यापर्यंत.

‘दुखतं का?’

सगळी गाडी थांबली होती. गोदाबाई खिडकीबाहेर पाहत विचार करत होत्या, जणू कोणी त्यांना फार जुनी गोष्ट विचारली होती.

‘नाई,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खुलला. ‘काईच नाई वो बाई. उलीसंई नाई.’

बायकांनी सुस्कारे सोडले. कोणीतरी ‘चला, बरं झालं’ म्हणालं. कंडक्टरनं दोरी ओढली, दोनदा, आणि गाडी मागे सरकून वळू लागली. शैलाबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला, पदरानं कपाळ पुसलं, आणि डोळे उघडून सुनेकडे पाहिलं, सुटलो ना आपण, असं. अश्लेषाचं बोट होतं तिथेच होतं. शैलाबाईंनी त्या बोटाकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडे. मग पुन्हा बोटाकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सुटणं हळूहळू थांबलं.

गाडी स्टँडबाहेर पडली. अश्लेषानं आणखी दाबलं.

‘आता?’ ती म्हणाली. ‘आता दुखतं का?’